प्राणवायूचं माप

रनाळ्याच्या एखाद्या घरात सातव्या-आठव्या महिन्यातच बाळंतपण झालं, तर पुढचा रस्ता बहुधा ठरलेला असतो. १०८ ची गाडी येते, बाळाला नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात नेतात आणि तिथल्या नवजात कक्षात दाखल करतात. मग घरी फोन येतो: बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय, ऑक्सिजन लावलाय. ऐकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. ऑक्सिजन मिळाला म्हणजे बाळ तगणार, असा आपला भरवसा असतो आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. पेटीजवळच्या सिस्टरला मात्र दोन काळज्या असतात. बाळाला प्राणवायू कमी पडत नाही ना, ही पहिली. जास्त होत नाही ना, ही दुसरी.

दुसरी काळजी आपल्याला चटकन पटत नाही. ज्याच्या नावातच प्राण आहे, तो जास्त झाला म्हणून काय बिघडणार? पण बिघडतं, आणि ते वैद्यकाला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. हे नुकसान नेमकं कोण करतं, हे समजायला मात्र फार वेळ लागला. सुरुवात प्राणवायू करतो. पुढचं मोठं नुकसान करतो तो शरीराचाच प्रतिसाद, म्हणजे दाह. हा दाह उसळायचा की नाही, याची आज्ञा पेशींच्या आत काही मोजक्या रेणूंमार्फत दिली जाते. त्या आज्ञेचा माग काढताना संशोधकांच्या हाती जे लागलं, त्याचा थेट संबंध मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागाइतकाच नंदुरबारच्या नवजात कक्षाशीही आहे.

किती म्हणजे जास्त?

आपण श्वासात घेतो त्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. वायुकोश आणि रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. साध्या हवेत वायुकोशातला प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. शुद्ध प्राणवायू दिला तर तोच ६५० च्या वर जातो.

रक्तातलं हिमोग्लोबिन मात्र एकदा पूर्ण भरलं की आणखी प्राणवायू धरू शकत नाही. त्यामुळे जास्तीच्या प्राणवायूचा फारच थोडा भाग पुढच्या अवयवांपर्यंत पोहोचतो. फुप्फुसाला ही ढाल नाही. त्याच्या पेशी त्या वाढलेल्या दाबाला थेट सामोऱ्या असतात. म्हणून नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली पहिला मार फुप्फुसावर बसतो.

बेलफास्टमध्ये काम करणाऱ्या जेम्स लॉरेन स्मिथ यांनी १८९९ मध्ये हे दाखवून दिलं. सत्तर-ऐंशी टक्के प्राणवायूत काही दिवस ठेवलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत त्यांना न्यूमोनियासारखा दाह आढळला. १९४५ मध्ये अमेरिकेत ज्युलियस कॉमरो आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना २४ तास शुद्ध प्राणवायू दिला. बहुतेकांना छातीच्या मधल्या हाडामागे दुखू लागलं आणि खोल श्वास घेतला की ते दुखणं वाढे. ५० टक्के प्राणवायूत तेवढ्याच वेळात तशी तक्रार आली नाही. म्हणजे प्रश्न प्रमाणाचा आहे आणि काळाचाही. मोठ्या माणसाला नाकातल्या नळीने मिनिटाला दोन लिटर प्राणवायू दिला, तर श्वासातलं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास जातं. त्याने घाबरून जायचं कारण नाही. पिशवीच्या मास्कने मिनिटाला दहा-पंधरा लिटर दिला की ते साठ ते नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचतं. ते दिवसचे दिवस चालू राहिलं, तर डॉक्टरांच्या मनात दुसरी काळजी जागी व्हायला हवी.

सुरुवात कुठे होते?

पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात. हे काम चालू असताना थोडे इलेक्ट्रॉन वाटेत निसटतात आणि प्राणवायूच्या रेणूला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड नावाचा अतिक्रियाशील रेणू तयार होतो. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्याहून घातक हायड्रॉक्सिल मूलक बनतात. पेशीत प्राणवायू जितका जास्त, तितकी ही गळती जास्त. असे अतिक्रियाशील मुक्त मूलक पेशीच्या आवरणातली मेदद्रव्यं, प्रथिनं आणि डीएनए यांना इजा करतात.

प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांच्या मुळाशी हेच मुक्त मूलक असावेत, असं अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन यांनी १९५४ मध्ये मांडलं. त्यावेळी ही कल्पना धाडसी होती. १९६९ मध्ये जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड निकामी करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, शोधलं आणि त्या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. शरीराने अशा विकरांची एक फळीच उभी केलेली असते. ही फळी रोजची गळती सहज निस्तरते. प्राणवायूचं प्रमाण बराच काळ चढं राहिलं की ती अपुरी पडते.

आज्ञा कशी सुटते?

मूलकांनी थेट केलेली इजा एवढीच गोष्ट असती, तर नुकसान प्राणवायूच्या प्रमाणात हळूहळू वाढत गेलं असतं. प्रयोगांत तसं दिसत नाही. शुद्ध प्राणवायूत ठेवलेले प्रौढ रॅट साधारण तीन दिवसांत दगावतात. पहिला दीड दिवस सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या फुप्फुसात फारसा बदल आढळत नाही. जेम्स क्रेपो आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हा क्रम बारकाईने नोंदवला. आधी शांतता, मग केशवाहिन्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी आणि त्यानंतर झपाट्याने नाश. त्या शांत वाटणाऱ्या तासांत पेशींमध्ये संदेशांची देवाणघेवाण चाललेली असते.

या संदेशांतलं एक मुख्य नाव आहे एनएफ-कप्पा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये या प्रथिनाचा शोध लावला, तो रोगप्रतिकारक पेशींचा अभ्यास करताना. पुढे कळलं की ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशींत असतं. एरवी ते पेशीच्या द्रवात दुसऱ्या एका प्रथिनाला जखडून पडलेलं असतं. मूलकांची गर्दी वाढली की पेशीतली काही विकरं जागी होतात आणि त्या जखडणाऱ्या प्रथिनावर खूण करतात. खूण झालेलं प्रथिन पेशी मोडून टाकते. मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि दाहाची जनुकं सुरू करतं. मग टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ असे निरोपे रेणू तयार होऊन बाहेर पडू लागतात.

दुसरी वाट मरणाऱ्या पेशींकडून येते. एचएमजीबी१ हे प्रथिन आणि ऊर्जेचा रेणू एटीपी यांची जागा पेशीच्या आत. पेशी फुटली की ते बाहेर सांडतात आणि शेजारच्या पेशी त्यांना धोक्याची खूण समजतात. बृहद्भक्षक पेशींमध्ये मग एनएलआरपी३ नावाच्या प्रथिनाभोवती एक यंत्रणा जुळून येते. ती इंटरल्यूकिन-१ बीटाचं कच्चं रूप कापून त्याला कामाला लावते. पहिल्या वाटेने तयार झालेला कच्चा माल दुसऱ्या वाटेने पक्का होतो. दोन्ही वाटा अशा एकमेकींना बळ देतात.

गावाच्या जागल्याने रात्री आरोळी ठोकावी, पाचपन्नास माणसं काठ्या घेऊन धावून यावीत, चोर कुठेच नसावा आणि त्या धावपळीत उभं पीक तुडवलं जावं, तसं यानंतर फुप्फुसात होतं. इंटरल्यूकिन-८ च्या हाकेला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. त्यांची सगळी हत्यारं जंतूंसाठी असतात. इथे जंतू नसतात. त्यांची प्रथिनं पचवणारी विकरं आणि त्यांनीच सोडलेले मूलक फुप्फुसाच्या ऊतींवर पडतात. केशवाहिन्यांची अस्तरं झिजतात, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं वायुकोशांत झिरपतात. वायुकोश उघडे ठेवणारा सर्फॅक्टंटचा थर निकामी होतो, फुप्फुस ताठर होतं आणि रक्तातला प्राणवायू घसरतो. तो घसरला म्हणून बाहेरून आणखी प्राणवायू द्यावा लागतो. इथून दुष्टचक्र सुरू होतं.

अपुऱ्या दिवसांचं फुप्फुस

हे चक्र सर्वांत महाग पडतं ते अपुऱ्या दिवसांच्या बाळाला. गर्भात बाळ फार कमी प्राणवायूवर वाढतं. तिथे त्याच्या रक्तातला प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या २५ ते ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याच्या दृष्टीने साधी हवासुद्धा श्रीमंत. मूलकांना निकामी करणारी विकरं गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात वाढतात. म्हणजे ज्या बाळाला बाहेरचा प्राणवायू सर्वांत आधी लागतो, त्याचीच फळी सर्वांत दुबळी असते. शिवाय वायुकोशांचं खरं बांधकाम ३६ व्या आठवड्याच्या सुमारास जोर धरतं आणि जन्मानंतर निदान दोन वर्षं चालतं. २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या छातीत वायुकोशांऐवजी साध्या, रुंद पिशव्या असतात.

१९६७ मध्ये स्टॅनफर्डच्या विल्यम नॉर्थवे यांनी अशा ३२ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. श्वासाच्या तीव्र त्रासामुळे त्यांना कृत्रिम श्वसनयंत्र आणि ८० ते १०० टक्के प्राणवायू दिलेला होता. ज्यांना तो सहा दिवसांपेक्षा जास्त मिळाला, त्यांच्या फुप्फुसांत वण आणि फुगवटे यांचा एक नवाच आजार दिसला. त्याला ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेसिया, थोडक्यात बीपीडी, हे नाव मिळालं. आज इतका प्राणवायू इतके दिवस सहसा कोणी देत नाही. त्यामुळे आजाराचं रूपही बदललंय. आता वण कमी दिसतात आणि खुंटलेली वाढ जास्त. वायुकोश संख्येने कमी राहतात, आकाराने मोठे राहतात आणि त्यांच्याभोवतीचं केशवाहिन्यांचं जाळं विरळ राहतं. या खुंटण्यामागे दाहाचे तेच निरोपे आहेत. उंदरांच्या पिल्लांच्या फुप्फुसात इंटरल्यूकिन-१ बीटा जास्त झालं की वायुकोशांची विभागणी थांबते. आईच्या गर्भाशयात आधीच जंतुसंसर्ग झाला असेल, तर दाह जन्माआधीच सुरू झालेला असतो आणि थोडा जास्तीचा प्राणवायूही त्यात भर घालतो.

मग आज्ञाच थांबवली तर?

हा विचार कुणालाही सुचेल, संशोधकांनाही सुचला. प्रयोगांचं उत्तर मात्र सरळ आलं नाही. धोक्याच्या खुणा ओळखणारा टीएलआर४ हा ग्राहक ज्या उंदरांत नव्हता, ते जास्तीच्या प्राणवायूत अधिक लवकर दगावले. इंटरल्यूकिन-६ किंवा इंटरल्यूकिन-११ फुप्फुसात मुद्दाम जास्त तयार होईल असे घडवलेले उंदीर उलट अधिक काळ जगले. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्याच क्रिस्टिना अल्विरा यांच्या गटाने दाखवलं की वाढत्या फुप्फुसात एनएफ-कप्पा-बी दाबून टाकलं, तर केशवाहिन्यांची आणि वायुकोशांची वाढच अडते. जे प्रथिन दाह पेटवतं, तेच बाळाच्या फुप्फुसाच्या बांधकामातही लागतं.

शरीराकडे दुसरी बाजूही आहे. एनआरएफ२ हे प्रथिन मूलकांची चाहूल लागताच केंद्रकात शिरतं आणि संरक्षक विकरांची जनुकं सुरू करतं. २००२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एनआरएफ२ नसलेले उंदीर प्राणवायूच्या इजेला जास्त बळी पडतात, हे सिद्ध केलं. एकच मूलक एका हाताने दाह पेटवतो आणि दुसऱ्या हाताने बचाव जागा करतो. कोणती बाजू वरचढ ठरणार, हे प्रमाण, काळ आणि फुप्फुसाचं वय यांवर ठरतं.

दाह सरसकट दाबण्याची किंमत डॉक्टरांनी पाहिली आहे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एनएफ-कप्पा-बीची कामगिरी अडवतं. नव्वदच्या दशकात ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जन्मानंतर लगेच, मोठ्या मात्रेत दिलं जाऊ लागलं. बीपीडी कमी झाला, पण त्यांच्यात सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण वाढलं. त्यानंतर हा वापर आवरता घेतला गेला. तेच औषध २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत मोठ्या माणसांच्या कामी आलं. कृत्रिम श्वसनयंत्रावरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता, त्यांना मात्र फायदा झाला नाही. दाह अनावर झालेला असेल तिथे त्याला आवर घालणं उपयोगी पडतं, नसेल तिथे नाही.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. ही आज्ञा सुटल्यावर तिला नेमकं अडवणारं औषध आज आपल्या हाती नाही. ती सुटूच नये, यासाठी प्राणवायू मोजून देणं मात्र आपल्या हाती आहे.

मोजायचं कसं?

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडमुळे घराघरांत पोहोचला. त्यामागचं तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलं. कमी प्राणवायू तो बऱ्यापैकी पकडतो. जास्तीच्या बाबतीत मात्र तो आंधळा आहे. हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की आकडा १०० वर थांबतो. मग रक्तातला प्राणवायूचा दाब १५० असो की ४००, पडद्यावर तेच १०० दिसतं. म्हणून बाहेरून प्राणवायू चालू असताना ९९ किंवा १०० हा आकडा दिसला, की समाधान मानून चालत नाही. प्रवाह कमी करता येईल का, हे तेव्हा पाहायला हवं.

किती आकडा हवा, याचं उत्तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या मोठ्या चाचण्यांनी दिलं. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या सुमारे पाच हजार बाळांचे निकाल एकत्र केल्यावर दिसलं, की ८५ ते ८९ टक्क्यांवर ठेवलेल्या बाळांत, त्याहून वरच्या पातळीवर ठेवलेल्यांच्या तुलनेत, जास्तीच्या प्राणवायूने होणारा डोळ्यांचा आजार कमी झाला, पण मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून साधारणपणे ९० ते ९५ ही मर्यादा पाळली जाते. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. कमी प्राणवायू हा जास्तीपेक्षा लवकर मारतो. नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात प्राणवायू घसरला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या अडतात. अशा रुग्णाला प्राणवायू नाकारणं घातक ठरेल. ज्याला गरज आहे त्याला तो ताबडतोब मिळालाच पाहिजे, आणि गरजेपुरता मिळाला पाहिजे.

जन्मतः न रडणाऱ्या बाळाला शुद्ध प्राणवायूच द्यायचा, हा नियम कितीतरी दशकं कुणी तपासून पाहिला नव्हता. तो तपासण्यात भारताचा मोठा वाटा आहे. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाचे सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे ओला सॉगस्टाड यांनी १९९३ मध्ये साध्या हवेची शुद्ध प्राणवायूशी तुलना केली. साधी हवा कुठे कमी पडली नाही. १९९८ च्या मोठ्या, अनेक देशांतल्या चाचणीतही तसंच दिसलं. २०१० पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पूर्ण दिवसांच्या बाळाला आधी साधी हवा द्यायला सांगतात. महाराष्ट्रात गडचिरोलीला अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना बाळाचा श्वास सुरू करायला शिकवलं, तेही पिशवी आणि मास्क एवढ्याच साधनांवर.

नंदुरबारचंही या कहाणीत स्वतःचं पान आहे. कोविडची पहिली लाट चालू असताना, सप्टेंबर २०२० मध्ये, जिल्ह्यात हवेतून प्राणवायू वेगळा करणारा पहिला प्रकल्प उभा राहिला. यामागे पुढाकार होता तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांचा; ते स्वतः एमबीबीएस आहेत. पुढे आणखी प्रकल्प उभे राहिले आणि २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, देशभर सिलिंडरसाठी रांगा लागल्या असताना, नंदुरबारकडे स्वतःचा प्राणवायू होता. या कामाचं देशभर कौतुक झालं. त्या मानाने 'ऑक्सिजन नर्स' ही कल्पना कमी लोकांच्या लक्षात राहिली. वॉर्डात फिरून प्रत्येक रुग्णाची पातळी पाहायची, ती पुरेशी असेल तर प्रवाह कमी करायचा, जेवताना किंवा शौचाला जाताना नळी चालूच राहिली असेल तर ती बंद करायची, असं तिचं काम. हेतू होता प्राणवायू वाया जाऊ न देण्याचा. फुप्फुसाच्या दृष्टीने पाहिलं, तर त्या सिस्टर उपचारच करत होत्या. त्यांनी कमी केलेल्या प्रत्येक लिटरने कुणाच्या तरी वायुकोशांवरचा भार हलका झाला.

प्रवाह कमी होताना पाहून नातेवाईक धास्तावतात. "सिस्टर, का कमी केला? पेशंट बरा आहे ना?" असं विचारतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं, की कमी करता आला, ही चांगली बातमी आहे.

जिल्हा पातळीवरच्या नवजात कक्षांकडे या नजरेने पाहिलं, तर कामाची यादी स्पष्ट होते. प्राणवायू आणि हवा मिसळून हवं ते प्रमाण देणारा ब्लेंडर प्रत्येक खाटेशी हवा, कारण प्रकल्पातून येणारा प्राणवायू ९३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि बाळाला बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याचीही गरज नसते. नवजाताच्या पायाला नीट बसणारे ऑक्सिमीटरचे प्रोब हवेत. खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादांना वाजणारा गजर हवा. बाळ श्वास विसरतं तेव्हा त्याच्या श्वासाला चालना देणारं कॅफिन हवं. २००६ च्या एका मोठ्या चाचणीत त्याने बीपीडी कमी केल्याचं दिसलं. अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या आईला दवाखान्यात वेळेवर पोहोचवून स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला हवं. लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये त्याचा फायदा दाखवला, आणि ते बाळाचं फुप्फुस जन्माआधीच पिकवतं. या सगळ्यावर लक्ष ठेवायला पुरेशा सिस्टर हव्यात. एकीवरच दहा-पंधरा बाळं सोपवली, तर वरच्या मर्यादेकडे पाहायला तिला वेळच उरत नाही.

प्राणवायू उपलब्ध असणं ही पहिली लढाई होती आणि नंदुरबारने ती जिंकून दाखवली. आता तो औषधासारखा वापरायचा आहे. केसपेपरवर किती लिटर, किती टक्के, कोणत्या आकड्यापर्यंत आणि कधी कमी करायचा, हे सलाइन-इंजेक्शनाइतक्याच स्पष्टपणे लिहिलं जावं. नातेवाइकांनी ते विचारावं आणि सिस्टरने ते सांगावं. रनाळ्याच्या बाळाला धडधाकट फुप्फुस घेऊन घरी जायचा जितका हक्क आहे, तितकाच त्याच्या आईलाही त्याच्या प्राणवायूचा हिशेब विचारायचा हक्क आहे.